सगळेच राजकारणी स्वार्थी असतील, तर कार्यकर्ता होण्यात काय अर्थ आहे?

‘सगळेच स्वार्थी’ हे तुमच्या प्रश्नातले वाक्य माझे थोरले बंधू मला अनेक वर्षे ऐकवत आले आहेत, म्हणून उत्तर लिहितो.

आमच्या गणातून पंचायत समितीवर आम्ही निवडून आणलेला सदस्य सभापतिपदाच्या निवडणुकीआधी ‘सहलीला’ गेला आणि परतला तो थेट सभागृहात, पक्षादेश झुगारून विरोधी गटासाठी हात वर करायला. ज्या वाड्यांवर मी त्याच्या चिन्हासाठी पायी फिरलो होतो, तिथली वृद्ध माणसे मला विचारू लागली, की आमचे मत आता कुणाचे झाले? पक्षांतर करणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवणाऱ्या १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज झाला, पक्षादेश मिळालाच नाही असा बचाव त्याने घेतला, तारखा पडत राहिल्या आणि मुदत संपेपर्यंत तो पदावर राहिला. त्याच काळात त्याच्या शिफारशीने रस्त्याचे काम मिळालेल्या बंधूंनी मला समजावले, की सगळे सारखेच असतात, तूही तुझे बघ.

मला हे साफ अमान्य आहे. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे आमदार-खासदारांसाठीच्या पक्षांतरबंदी कायद्यात, १९८५ पासून असलेली एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीची मुभा २००३ मध्ये काढली गेली, परंतु दोनतृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची वाट उघडी राहिली. गोव्यात जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिर, चर्च आणि दर्ग्यात पक्षनिष्ठेची शपथ घेतली, आणि सप्टेंबरमध्ये त्या पक्षाच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. अकराचे दोनतृतीयांश भरायला आठच लागतात. मात्र तिघे गेले नाहीत. या तिघांना आणि त्या आठांना एकाच मापाने मोजणारा मतदार फुटणाऱ्याचे काम सोपे करतो, कारण मग निष्ठेने राहण्याला काही किंमतच उरत नाही.

पद हवेसे वाटणे मी गैर मानत नाही, आणि मतभेदामुळे पक्ष सोडणारे प्रामाणिक लोकही असतात. त्यांनी राजीनामा देऊन पुन्हा मते मागावीत.

कार्यकर्ता जरूर व्हा, पण गटनोंदणीची (निवडून आलेले सदस्य कोणत्या पक्षाचे, या नोंदीची) प्रत आणि पक्षादेश बजावल्याची पोच पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. आणि ज्याची बिले फुटलेल्या सदस्याच्या कृपेने निघाली, तो घरातला वडीलधारा असला तरी राजकारण कसे असते हे त्याच्याकडून शिकू नका.