'शौर्य' चित्रपटातल्या ब्रिगेडियरला खलनायक का केलं? खरं कोर्ट मार्शल तसंच चालतं का?

तुम्ही लिहिलंय, ब्रिगेडियर झालेल्या के के मेननचं ते कोर्टातलं भाषण मोबाइलवर बघून अंगावर काटा आला आणि असल्या देशभक्त अधिकाऱ्याला दोषी का ठरवलं ते कळलं नाही. स्पष्टच सांगतो, तुम्ही 'शौर्य' पाहिलेला नाही, त्याचा एक तुकडा पाहिलाय. कॅप्टन जावेद खान आपल्याच मेजरला गोळी घालतो आणि खटला उभा राहिल्यावर तोंड उघडत नाही. ती गोळी निरपराधांना वाचवायला झाडलेली असते. मेजरच्या डोक्यात मुसलमानांविषयी जे विष होतं ते ब्रिगेडियर रुद्रप्रताप सिंगनं पेरलेलं, आणि ते भाषण हा त्याचा कबुलीजबाब आहे. ब्रिगेडियरच्या घरच्यांच्या हत्येचं ऐकून पोटात तुटतं, पण त्याचा सूड भलत्याच माणसांवर?

चित्रपट २००८ चा, आम्ही काही वर्षांनी टीव्हीवर पाहिला. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत. दिवाळीची सुट्टी, खोलीत दहा-बारा जण. ब्रिगेडियर बोलायला लागला तसा चुलतभाऊ उठून टाळ्या वाजवायला लागला, त्याचं बघून पोरंही. आप्पा, म्हणजे माझे वडील, सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेले, कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला, भिंतीपाशी गेले आणि टीव्हीचा प्लगच उपसला. वायर हातात धरून म्हणाले, "असल्याच्या हाताखाली पोरं द्यायची का आपली?"

कुणी काही बोललं नाही. चुलतभाऊ मात्र जाताना अंगणात पुटपुटला, "काका साहेबांच्या विरोधात गेलेलेच की."

ते खरं आहे. हवालदार असताना एका जवानाला झालेल्या मारहाणीच्या चौकशीत आप्पांनी डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं. मारणारा त्यांच्याच कंपनीचा साहेब होता. पुढचं प्रमोशन लांबलं. गावात मात्र 'पलटणीचं नाव घालवलं' एवढंच पोचलं. आप्पांनी कधी खुलासा केला नाही. म्हणून गप्प बसलेला दीपक डोब्रियालचा जावेद बघताना मला अभिनय दिसत नाही, आमच्या घरातला कोपरा दिसतो.

आता कोर्ट मार्शल, म्हणजे फौजेचं स्वतःचं न्यायालय. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी बसतात, कायद्याची बाजू सांगायला जज अ‍ॅडव्होकेट असतो. फाशी द्यायची तर निदान दोनतृतीयांश मतं लागतात आणि वरून मंजुरी मिळेपर्यंत निकाल पक्का होत नाही. आप्पांनी सांगितलेली एक गोष्ट मी पुढे नियमांत शोधून वाचली: मतं घेताना सुरुवात सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्यापासून करायची. मोठा साहेब आधी बोलला तर धाकट्याची जीभ उचलणार नाही, हे फौजेनं स्वतःच ओळखून लिहून ठेवलंय. 'हा चित्रपट फौजेची बदनामी करतो' म्हणणाऱ्यांनी तो नियम वाचावा. चित्रपटात तरी दुसरं काय सांगितलंय?

बाकी, मी स्वतः फौजेत नव्हतो, शिक्षक आहे. खऱ्या खटल्यात साक्षीदाराला एवढं लांबलचक भाषण कुणी करू देत असेल असं मला वाटत नाही. दोन्ही बाजूंचे वकील झालेल्या राहुल बोस आणि जावेद जाफरीची सुरुवातीची थट्टामस्करी अर्धी कापली असती तरी चाललं असतं. 'अ फ्यू गुड मेन' या इंग्रजी चित्रपटाची नक्कल म्हणतात, तर कोर्टाचा सांगाडा आणि साहेबाला डिवचून बोलतं करणं तिथलंच आहे. पण तिथे वरच्याचा हुकूम पाळून जीव जातो, इथे हुकूम मोडून जीव वाचवलेत. हा फरक लहान नाही. आणि हो, शेवट मी सांगून टाकला, पण तुम्ही तो आधीच पाहिलाय.

चुलतभाऊ अजून दर २६ जानेवारीला तोच तुकडा घरच्या ग्रुपवर टाकतो. आप्पा गेले, आता प्लग उपसणारं कुणी नाही. दादा, हे वाचत असशील तर यंदा पूर्ण चित्रपट टाक. आणि आप्पा साहेबांच्या विरोधात गेले नव्हते, त्या मार खाल्लेल्या पोराच्या बाजूनं गेले होते.