स्टेडियममधला इलेक्ट्रॉन

प्रश्न: सर, श्रोडिंजरचं समीकरण रेषीय असल्यामुळे सुरुवातीचा बारीक फरक पुढे वाढत नाही, असं आम्हाला वर्गात शिकवलं. मग क्वांटम जगात केऑस, म्हणजे असा फरक झपाट्याने वाढत जाणं, दिसतो तरी कुठे?
– बीएस्सीचा एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर: वर्गात सांगितलं ते खरंच आहे. दोन क्वांटम अवस्था आज एकमेकींशी जितक्या जुळतात, तितक्याच उद्याही जुळतात. म्हणून वाटांच्या मागे लागू नकोस. केऑसची खूण ऊर्जापातळ्यांत, म्हणजे कणाला घेता येतील अशा ठरावीक ऊर्जांत, शोध.

खानापूरच्या पावसात लाइट गेली की कॅरम निघतोच. स्ट्रायकर न थांबता धावतोय असं धर. चौकोनी बोर्डवर तो कितीही वेळा आपटला, तरी त्याच्या दिशा चारच. आता समोरासमोरच्या दोन बाजू काढून तिथे अर्धवर्तुळं बसव. (शहापुरातला आमचा सुतार हे ऐकून मला चहा पाजून घरी धाडेल.) या आकाराला स्टेडियम म्हणतात. यात नेमातला केसाएवढा फरक बघता बघता पटीपटीने वाढतो. हा केऑस गणितज्ञ बुनिमोविच यांनी १९७०च्या दशकात सिद्ध केला.

स्ट्रायकरच्या जागी इलेक्ट्रॉन ठेव आणि त्याच्या ऊर्जापातळ्या ओळीने मांड. बाजूंचं गुणोत्तर साधं नसलेल्या आयतात पातळ्यांना एकमेकींची फिकीर नसते: दोन अगदी चिकटलेल्या, मग मोठी फट, पुन्हा तीन चिकटलेल्या. स्टेडियममध्ये मात्र शेजारच्या पातळ्या एकमेकींपासून अंग चोरून राहतात, चिकटलेली जोडी क्वचितच सापडते. (स्टेडियमचा पाव तुकडाच घे. अख्खा घेतलास तर सममितीनुसार पडणारे पातळ्यांचे वेगवेगळे गट एकमेकांत मिसळतात आणि ही अंतरं दिसेनाशी होतात.)

कोणतं अंतर किती वेळा येतं, याचा असा आलेख भौतिकशास्त्रज्ञ विग्नर यांनी १९५०च्या दशकातच जड अणुकेंद्रांसाठी सुचवला होता, तोही यादृच्छिक मॅट्रिक्सवरून, म्हणजे नशिबावर सोडून आकडे भरलेल्या चौकटीवरून. पुढे १९८४ मध्ये बोहिगास, जियानोनी आणि श्मिट यांनी मधोमध गोल अडथळा असलेल्या बोर्डच्या (त्याला सिनाईचं बिलियर्ड म्हणतात) पातळ्या मोजल्या, तर तोच आलेख! केऑस असेल तिथे हाच आलेख मिळेल, असं त्यांनी अनुमान मांडलं. सर्वसाधारण गणिती सिद्धता अजून नाही, तरी लोक त्याला बिनदिक्कत नियम म्हणतात, ते मला पटत नाही. प्रबळ चुंबकक्षेत्रातल्या हायड्रोजनच्या अणूत मात्र ही खूण दिसते.

आयताचं सूत्र तुझ्या पुस्तकात आहेच. हजारेक पातळ्या काढ, लागोपाठची अंतरं मोज. स्टेडियमला सूत्र नाही, तिथे कॉम्प्युटरच लागेल.