सोलापूरहून जर्मनीतल्या परिषदेला जायचंय, पेपर स्वीकारला गेलाय. व्हिसाची तयारी कधी, कुठून सुरू करू?

आयोजकांचं निमंत्रणपत्र हातात पडताच पुण्याच्या व्हीएफएस केंद्राची (व्हिसाचे अर्ज जमा करून घेणारी कंपनी) तारीख घ्या. शेंगेन (जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून स्वीकारतात, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण उन्हाळ्यात तारखाच मिळत नाहीत, म्हणून निदान अडीच महिने हाताशी ठेवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. दुपारची वेळ मिळाली तर सकाळची वंदे भारत पुरते, मुक्कामाची गरज नाही.

घोळ होतो तो नावात. पासपोर्टवर वडिलांचं नाव धरून तीन शब्द आणि निमंत्रणपत्रावर नुसती आद्याक्षरं, असं असेल तर पत्र आधी बदलून मागा. बँकेचं ३ महिन्यांचं स्टेटमेंट शाखेतून सही-शिक्का मारून घ्या. अर्जाच्या तोंडावर एकरकमी भरलेले पैसे संशय वाढवतात. खर्च कॉलेज करणार असेल तर ना-हरकत पत्रात रक्कम आणि रजेच्या तारखा स्पष्ट हव्यात. बाकी नेहमीचंच:

- पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर ३ महिने वैध, २ पानं कोरी
- किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा
- व्हिसा शुल्क ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं

तिकीट आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. मात्र परिषदेनंतर दुसऱ्या शेंगेन देशात जास्त दिवस राहणार असाल, तर अर्ज सहसा त्या देशाकडे करावा लागेल.