दुसरं व्हायोलिन मिळालंय, तर आधी स्कोअर उघड

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद. व्हायोलिनच्या परीक्षेची आठवी ग्रेड डिस्टिंक्शनने पास होऊनही पुण्याच्या क्वार्टेटमध्ये (दोन व्हायोलिनं, व्हायोला आणि चेलो असा चौघांचा संच) तुला दुसरं व्हायोलिन दिलं, आणि ते तुला लागलंय. "एवढ्यासाठी दर शनिवारी सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेस पकडून जायचं का?" असं विचारलंस. जायचं. आणि जाण्याआधी बाकीच्या तिघांचं वाजवणं पाठ करायचं. मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

तू मला फक्त तुझ्या पार्टचा फोटो पाठवलास. चौघांच्या संगीतातल्या एकाच ओळीवरून तुझी जागा मोठी की लहान, हे तू ठरवलंस कशावरून? आधी पूर्ण स्कोअर, म्हणजे चौघांच्या ओळी एकाखाली एक छापलेली प्रत, मिळव. हायडन, मोझार्ट केव्हाच कॉपीराइटबाहेर गेलेत, फुकट मिळतात. तुझ्या पार्टमध्ये जिथे रेस्ट, म्हणजे विराम, आहे, तिथे त्या वेळी कोण काय वाजवतंय ते पेन्सिलीने बारीक लिही. पेनने नको, बोइंग, म्हणजे बो (गज) कुठे वर, कुठे खाली ओढायचा ते, दर रिहर्सलला बदलतं. चार बार (मात्रांचे गट) रेस्ट असेल तर आकडे मोजत बसू नकोस, चेलोची ओळ मनात गा. मोजणारा हमखास अर्धी मात्रा उशिरा येतो, गाणारा येत नाही.

आता सुराचं. दुसऱ्या व्हायोलिनकडे वारंवार कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) थर्ड येतो, म्हणजे आपला गांधार. समज सी मेजर कॉर्ड आहे: चेलोकडे सी, व्हायोलाकडे जी, तुझ्याकडे ई. पियानोवरचा ई इथे चालत नाही. शुद्ध थर्ड त्यापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो, आणि एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. घरात तंबोरा आहे ना? खरजाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तोच हा सूर. सोलापुरात गाण्याच्या घरात वाढलेल्या मुलीला तो कानात आयता मिळालाय, याची तुला किंमत नाही याचा मला राग येतो.

मोकळी ई तार मात्र इथे फसवते. सी-जी-डी-ए-ई असे चार पंचम अगदी शुद्ध मिळवत गेलं, तर शेवटचा ई चेलोच्या सीवरच्या शुद्ध थर्डपेक्षा सुमारे २२ सेंट चढा बोलतो. म्हणून क्वार्टेटमध्ये पंचमाचं अंतर किंचित कमी ठेवून तारा मिळवतात, आणि अशा कॉर्डमध्ये तू मोकळी तार सोडून ए तारेवर चौथं बोट ठेवायचंस. रिहर्सलमध्ये व्हायब्रॅटो (बोटाने सूर हलवणं) बंद करा. चेलोने मूळ सूर धरायचा, त्यावर पंचम बसवायचा आणि थर्ड सगळ्यांत शेवटी. पण हाच सूर धुनेत वर सरकणारा असेल, सी-कडे जाणाऱ्या बीसारखा, तर तो थोडा चढाच गोड लागतो. या ठिकाणी उतरा की चढा, हे तुझा पार्ट सांगत नाही. स्कोअर सांगतो.

दुसरी खोड, सोलोवर वाढलेल्या सगळ्यांची: साथीच्या छोट्या स्वरांनाही (एट्थ नोट्स) अख्खा बो ओढायचा. पहिल्या व्हायोलिनचा पियानिसिमो, म्हणजे अगदी हळू वाजवलेला भाग, मग कोणाला ऐकू येणार? बोच्या मधल्या भागाच्या जरा खाली, चार बोटं एवढाच बो वापर. पहिल्याने धून ताणली म्हणून त्याच्यामागे धावू नकोस, ठोका चेलोशी बांध.

मोझार्टचं १७८२ मधलं जी मेजर क्वार्टेट, यादीत के. ३८७, घे. त्याचा शेवटचा भाग दुसरं व्हायोलिन एकटं सुरू करतं, बाकीचे तिघे गप्प असतात. तो लांब स्वरांचा विषय तू ज्या वजनाने मांडशील, तेच वजन पुढचे उचलतात. पुढे कोण कधी येणार हे ठाऊक नसेल तर तू तो नुसता खरडशील.

करिअरचंही विचारलंस. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याखेरीज शिकवण्या, रेकॉर्डिंग. सोलो कॉन्सर्टोवर, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबत एकट्याने वाजवून, घर चालवणारे जगात हाताच्या बोटांवर. ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला बहुतेक ठिकाणी मोझार्टच्या चौथ्या किंवा पाचव्या कॉन्सर्टोचा पहिला भाग मागतात, मग एक्सर्प्ट्स, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या रचनांतले निवडक तुकडे. रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन ह्वान'चं पहिलं पान वाजवताना बाकीचा ऑर्केस्ट्रा तुझ्या कानात आहे की नाही, हे परीक्षकांना लगेच कळतं. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पुढे स्वतःचं क्वार्टेट काढलं, आणि नंतर अमेरिकेत कर्टिस क्वार्टेटमध्ये ते दुसरंच व्हायोलिन वाजवत होते. त्यात कुठे कमीपणा आला?

मी मुलांचे पंख कापतो, असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलू देत. चांगल्या बोटांची मुलं ग्रेडचे तीन पीस आणि रेकॉर्डेड साथ यांतच अडकून पडतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. रेकॉर्डिंग तुझं ऐकत नाही, तुझ्यासाठी थांबत नाही. सोलापुरात क्वार्टेट जमत नसेल तर एक जोडीदार शोध आणि बार्टोकचे ४४ ड्युओ (दोन व्हायोलिनांच्या रचना) घ्या. दर वेळी पार्ट बदला, दोन्ही पाठ हवेत.

मे महिन्यात पारा ४२ वर गेला की कोरड्या हवेने खुंट्या सैल पडतात. फिरवताना आत दाबून फिरव, नुसतं पिळू नकोस. सूर वारंवार चढवलास की ब्रिज (तारा पेलणारी घोडी) फिंगरबोर्डकडे झुकतो. रोज बाजूने बघ आणि दोन्ही हातांनी हळूच सरळ कर, पडला तर आतली आधाराची काडी, म्हणजे साउंडपोस्ट, हीही पडू शकते. केस उन्हातल्या गाडीत दहा मिनिटंही नको, सरस सुटून सांधे उघडतात.

या शनिवारपर्यंत एकच काम. तुमच्या हायडनच्या क्वार्टेटच्या पहिल्या ३२ बारांत तुझी ओळ वाजवताना व्हायोलाची ओळ तोंडाने म्हण. आधी निम्म्या लयीत. जिथे अडशील त्या बारांचे नंबर मला लिहून पाठव. ते जमल्याशिवाय कॉन्सर्टोचं माझ्याकडे विचारू नकोस.

तुझा,
काका