मूत्रपिंडाचा कर्करोग : गाठीचा प्रकार का विचारावा?

प्रश्न : वडिलांचे वय ६२. पित्ताच्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या उजव्या किडनीत ३ सेंटिमीटरची गाठ दिसली. सर्जन बायोप्सी न करताच शस्त्रक्रिया सुचवतात. हे योग्य आहे का?

उत्तर : बहुधा योग्य आहे. शिरेतून औषध देऊन काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये गाठीला भरपूर रक्तपुरवठा दिसला, तर कर्करोगाची शक्यता इतकी असते की अनेकदा बायोप्सीवाचून निर्णय घेतला जातो. मात्र ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपैकी साधारण पाचातली एक साधी निघते; त्यामुळे हृदयविकारामुळे किंवा वयामुळे शस्त्रक्रिया जोखमीची असेल, तर आधी बायोप्सी करणे किंवा ठरावीक काळाने स्कॅन करत गाठीवर लक्ष ठेवणे, हेही मान्य मार्ग आहेत. या आकारात शक्यतो फक्त गाठ काढून उरलेली किडनी वाचवतात. वडिलांच्या बाबतीत ते शक्य आहे का, हे सर्जनना अवश्य विचारा.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर माझ्या रिपोर्टमध्ये ‘पॅपिलरी’ असे आले आहे. माझ्या मावसभावाचा ‘क्लिअर सेल’ होता आणि त्याला गोळ्या सुरू आहेत. मलाही त्याच घ्याव्या लागतील का?

उत्तर : ‘मूत्रपिंडाचा कर्करोग’ या एकाच नावाखाली वेगवेगळे आजार येतात, म्हणून दुसऱ्याच्या उपचारांवरून स्वतःचा अंदाज बांधू नये, असे मी प्रत्येक रुग्णाला आवर्जून सांगतो. प्रौढांमधील मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के त्यातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींतून उद्भवतात. त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश क्लिअर सेल प्रकारचे असतात. या प्रकारात बहुतेक वेळा व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. त्यामुळे पुरेसा ऑक्सिजन असूनही पेशी तो कमी पडल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्यांची मागणी करत राहते. पेशींना ऑक्सिजनची जाणीव कशी होते, याच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चे नोबेल मिळाले. सुनिटिनिबसारख्या गोळ्या या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात.

पॅपिलरी प्रकार १० ते १५ टक्क्यांत आढळतो, त्याची जनुकीय कारणे वेगळी असतात आणि तो कधी कधी एकाहून अधिक ठिकाणी उद्भवतो. क्रोमोफोब हा तिसरा प्रकार सुमारे ५ टक्के असून तो सहसा संथ वाढतो. तुमची गाठ किडनीपुरतीच मर्यादित असेल आणि पूर्ण निघाली असेल, तर बहुधा गोळ्यांची गरजच नसते. नियमित स्कॅन मात्र चुकवू नका.

प्रश्न : वय ५८, धूम्रपान करतो. लघवीतून एकदा रक्त गेले, दुखले नाही, आपोआप थांबले. तपासणी करावी का?

उत्तर : करावी, आणि याच आठवड्यात. मूत्राशयाप्रमाणेच मूत्रपिंडाच्या मूत्र साठणाऱ्या भागातही अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. त्याचे उपचार नलिकांच्या कर्करोगाहून वेगळे असतात. नेहमीची केमोथेरपी त्याला दाद देते, नलिकांच्या कर्करोगाला सहसा देत नाही. म्हणून सीटी स्कॅनबरोबर दुर्बिणीने मूत्राशयही पाहावे लागते.

प्रश्न : आम्ही गडचिरोलीचे. सिकल सेलचा वाहक असलेल्या माझ्या १९ वर्षांच्या मुलाला लघवीतून रक्त जाते. हा कर्करोग असेल का?

उत्तर : सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकांमध्ये असे रक्त बहुतेक वेळा कर्करोगाशिवाय जाते. तथापि मेड्युलरी हा दुर्मिळ आणि अतिशय आक्रमक प्रकार प्रामुख्याने तरुण सिकल सेल वाहकांतच दिसतो. म्हणून सोनोग्राफी लगेच करून घ्या, शंका उरल्यास सीटी स्कॅन करा आणि मुलगा वाहक आहे, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा.