कोल्हा, आजी आणि पाऊस

प्रश्न : गेल्या वर्षी पहिल्यांदाच अ‍ॅनिमेशन लघुपटांच्या महोत्सवाला गेले होते. तीन दिवसांचा पास. तो वसूल करायचा म्हणून रोज चार-चार खेळ पाहिले. घरी आल्यावर बहिणीने विचारलं, "काय काय पाहिलंस?" तर धड पाच लघुपटही सांगता येईनात. एक कोल्हा होता, एक आजी होती, कशात तरी पाऊस होता. कोल्हा आणि आजी एकाच लघुपटात होते की वेगवेगळ्या, तेही आठवेना. यंदा पुन्हा जायचंय. पाहायचं कसं, ताई?

उत्तर : सोळा वर्षं मी अ‍ॅनिमेशनची चित्रं काढायचे, तरी पहिल्या महोत्सवानंतर माझीही गत तुमच्यासारखीच झाली होती. खोट त्या 'वसूल'मध्ये आहे. एका खेळात सत्तर-ऐंशी मिनिटांत आठ-नऊ लघुपट येतात. चार खेळ म्हणजे पस्तीसेक गोष्टी झाल्या! कथांचा दिवाळी अंक तरी आपण असा एका बैठकीत संपवतो का? दिवसाला दोन खेळ पाहा, आणि मधल्या वेळात तिसरा घुसवू नका.

आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिका उघडा. गोष्टीचा सारांश मुळीच वाचू नका. लांबी आणि तंत्र, एवढंच बघा. लघुपट म्हणजे छोटा हे खरं, पण ऑस्करच्या नियमात श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतचा सिनेमाही लघुपटच असतो. त्यामुळे एकाच खेळात तीन मिनिटांचाही येतो आणि पंचवीस मिनिटांचाही. तीन मिनिटांचा पहिलाच असेल आणि तुम्ही अंधारात खुर्ची चाचपत असाल, तर तो गेला. माझा असा एक गेलाय. बाहेर आल्यावर सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते.

तंत्र आधी कळलं की नजरेला काम मिळतं. वाळूचं अ‍ॅनिमेशन घ्या. काचेखालून उजेड, काचेवर वाळू. बोटाने चित्र करायचं, फोटो काढायचा आणि तीच वाळू जराशी सरकवून पुढचं चित्र करायचं. आधीचं चित्र त्यात मोडतं. सकाळी चुकलेला हात संध्याकाळी मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही. हे माहीत असलं की पडद्यावरच्या घोड्याची नुसती मान वळली तरी आपला श्वास अडकतो. मातीच्या बाहुल्या असतील तर गालांकडे बघा, बोटांचे ठसे सारखे थरथरताना दिसतात. काही जण ते पुसतात. मला न पुसलेलेच आवडतात. अलेक्झांडर अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर या जोडीने १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये टाचण्यांचा पडदा तयार केला. पांढऱ्या फळीत असंख्य टाचण्या असतात, त्या कमी-जास्त आत ढकलायच्या आणि बाजूने दिवा लावायचा. चित्र दिसतं ते निव्वळ सावल्यांचं, शाईचा थेंबही नसतो. धुरासारखा करडा रंग पडद्यावर आला की मी अजूनही पुढे सरकून बसते.

आणि हा हिशेब डोक्यात ठेवा : सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे दहा मिनिटांना ७,२००. दिवसाला चार सेकंद उरकणाऱ्यालाही दीडशे दिवस लागतात, आणि चार सेकंद म्हणजे चांगलाच वेग. असा लघुपट चालू असताना शेजारचा मोबाइल उघडतो, तेव्हा माझ्या मनात फार वाईट विचार येतात.

आता आठवणीचं. खिशात मावेल अशी वही न्या. लघुपट संपला की अंधारातच एक ओळ लिहा. 'छान', 'संथ' असलं काही नको, एखादी दिसलेली गोष्टच हवी. ओळीवर ओळ चढू नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा ओळीखाली ठेवायचा आणि प्रत्येक वेळी खाली सरकवायचा. माझ्या अकरा वर्षांपूर्वीच्या वहीत एके ठिकाणी 'चमच्यात उलटं छत' एवढंच लिहिलंय. त्या तीन शब्दांवर तो अख्खा लघुपट अजून डोळ्यांपुढे उलगडतो. शीर्षक मात्र लिहिलेलं नाही, त्याचा पश्चात्ताप आहेच.

खेळानंतर दिग्दर्शक गप्पांना थांबले तर थांबा, पण 'कुठलं सॉफ्टवेअर वापरलं?' असं विचारू नका. मी विचारलं होतं. बाईंनी शांतपणे पिशवीतून कापडाचा तुकडा काढून दाखवला. सगळा लघुपट सुईदोऱ्याने भरलेला होता! सभागृह हसलं, मी खुर्चीत बुडाले. तेव्हापासून माझा प्रश्न ठरलेला : कुठला प्रसंग काढून टाकलात? यावर लोक मनापासून बोलतात.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला नेऊ का?

उत्तर : मुलांसाठीचा वेगळा खेळ असेल तर त्याला जरूर न्या. स्पर्धेच्या खेळाला नको, निदान वयाची सूचना वाचल्याशिवाय तरी नको. कार्टून म्हणजे पोरांचं, या समजुतीने दोन मुलं घेऊन आलेले एक बाबा माझ्या पुढच्या रांगेत होते. दुसऱ्या लघुपटात त्यांनी एका हाताने एकाचे, दुसऱ्या हाताने दुसऱ्याचे डोळे झाकले. मग आवाज सुरू झाले. कानांसाठी हात उरले नव्हते.

प्रश्न : पुढेमागे सगळं नेटवर येतंच. मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : येतं, सगळं नाही, आणि उशिरा येतं. नवा लघुपट बरेचदा वर्ष-दोन वर्षं महोत्सवांतूनच फिरतो, कारण आधीच नेटवर टाकलेला सिनेमा काही स्पर्धा घेत नाहीत. शिवाय सभागृहाची मजा वेगळी. फ्रान्समध्ये आनसी इथे १९६०पासून अ‍ॅनिमेशनचा महोत्सव भरतो. तिथे खेळ सुरू होण्याआधी प्रेक्षक कागदी विमानं करून मंचाकडे सोडतात, आणि एखादं मंचापर्यंत पोचलं की टाळ्यांचा कडकडाट होतो. माझं तिसऱ्या रांगेतल्या एका टकलावर उतरलं. त्या गृहस्थांनी मागे वळून न बघता ते उचललं, नाक नीट दुमडलं आणि पुढे सोडलं.