समुद्राला ‘उधाण’ आणि ‘भांग’ नेमकं कधी म्हणतात?

तुमचा प्रश्न असा की, बातमीत ‘उद्या उधाण, 4.8 मीटरच्या लाटा’ असं येतं आणि वर्सोव्याचे कोळी मात्र पाणी शांत असतानाही ‘उधाण आहे’ म्हणतात. मग बरोबर कोण?

कोळी. उधाण तिथीवर ठरतं, लाटांवर नाही. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरती जास्त चढते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या सुमारास ती ओढ काटकोनात असते, पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही, तो भांग. सगळ्यात मोठी भरती बहुधा पुनवेच्या दिवशी नसते, एक-दोन दिवस मागाहून येते. खवळलेल्या समुद्रालाही लोक उधाणलेला म्हणतात, पण बंदरावर त्या अर्थाने बोललात तर घोटाळा होईल.

मुंबईच्या अपोलो बंदरला उधाणात पाणी सरासरी 0.8 ते 4.4 मीटरमध्ये खालीवर होतं, भांगात 1.9 ते 3.3 मीटरमध्ये. हे आकडे सागरी नकाशाच्या शून्य पातळीपासून मोजतात, आणि ती पातळी ओहोटीच्या तळाजवळ धरलेली असते. म्हणून 4.8 ही भरतीच्या पाण्याची पातळी झाली. लाटा वाऱ्याच्या, त्या तिच्यावर वेगळ्या. वर्षानुवर्षं हे चुकीचं छापून येतंय.

भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करा. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजा. ही वेळ दिवसाची आणि रात्रीची, दोन्हीकडे साधारण लागू. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा होडी काढायची असेल तर भरतीचं छापील कोष्टकच बघा. पावसाळ्यात दुपारची भरती मोठी असते, थंडीत मध्यरात्रीची. मोठी दुपारची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात आणि दादरच्या सखल हिंदमाता भागात पाणी तुंबतं.

डोलीवाल्यांचा, म्हणजे डोल जाळं लावणाऱ्या कोळ्यांचा, धंदा याच्यावरच चालतो. हे पिशवीसारखं जाळं खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाला धरलेलं असतं. उधाणात पाण्याला ओढ असते, बोंबील-जवळा आपसूक आत येतो. भांगात पाणी मंदावतं, जाळं पोटभर फुगत नाही, म्हणून बऱ्याच होड्या किनाऱ्यालाच राहतात.

खडकांवर फिरायला जाणाऱ्यांनी मात्र एक हिशोब पाठ करावा. ओहोटीनंतर सहा तासांत पाणी सारख्या वेगानं चढत नाही: बारा वाटे धरले तर तासागणिक 1, 2, 3, 3, 2, 1. उधाणात 3.6 मीटर चढायचं, म्हणजे पहिल्या तासात जेमतेम 30 सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 90. वांद्र्याच्या बँडस्टँडला माणसं अडकतात ती याच दोन तासांत: पुढचा खडक कोरडा दिसत असतो आणि मागची वाट पाण्याखाली गेलेली असते.